कुत्र्याचा वाटा

मोबाईलवर भुंग्या दिसला आणि सदूचा चहा बशीतच राहिला.

"अगं ए, बघ! आपला कुत्रा! सकाळपासनं गायब, आणि हा हितं रानात उड्या मारतोय."

वनिता भाकरी थापत होती. "कोनी टाकलाय?"

"त्या पलीकडच्यानं."

पलीकडचा म्हणजे सदूचा सख्खा धाकटा भाऊ, जगदीश. ओहोळापलीकडं राहतो. फार्महाऊसवाल्याला जमीन विकण्यावरून दोघांचं वाजलं, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून एकमेकांच्या दारात पाऊल नाही, आणि सदूच्या तोंडी भावाचं नावही नाही.

कुत्र्याला हे कोण सांगणार? रविवारी जगदीश रानाकडं निघाला की भुंग्या ओहोळ ओलांडून त्याच्यामागं. सदू बघून न बघितल्यासारखं करायचा. पण आज जगदीशनं शिकारीचा व्हिडिओच गावच्या ग्रुपवर टाकला होता. मोबाईल शर्टाच्या खिशात उभा ठेवून काढलेला. निम्मा वेळ नुसता डोंगर हलत होता.

करवंदीच्या जाळीपाशी भुंग्या थबकला. शेपूट ताठ. मग सुसाट आत घुसला. आत फडफड झाली, आणि कुणीतरी ओरडलं, "धरला! धरला!"

सदूनं मोबाईल पालथा ठेवला. पुढचं बघायची त्याला गरजच वाटली नाही. भुंग्यानं धरलेला रानकोंबडा सुटला, असं आजवर झालंय कधी?

"वाटण काढ," तो म्हणाला.

"कशाला?"

"कशाला काय? कुत्रा आपला. कुत्र्याचा वाटा येनार."

गावची रीतच तशी. शिकार झाली की एक तंगडी कुत्र्याच्या धन्याची. भांडण असो, कोर्टकचेरी असो, तो वाटा चुकवायचा नाही. दुसऱ्याच्या हातूनही धाडायचा नाही. शिकाऱ्यानं स्वतः दारात नेऊन द्यायचा, आणि धन्यानं त्याला चहा पाजूनच परत पाठवायचा.

वनितानं नवऱ्याकडं नीट बघितलं. एका तंगडीसाठी माणूस एवढा फुलत नाही, हे तिला कळत होतं. सदूला कोंबडा नको होता, भाऊ हवा होता.

"भावजी येतील?" तिनं हळूच विचारलं.

"न येऊन जातो कुठं! रीत हाय."

खोबरं भाजून झालं, कांदा भाजून झाला. सदूनं दाढी केली. ओटीवरची खताची पोती उचलून मागं नेली. म्हशीला पाणी पाजायच्या निमित्तानं तीनदा ओहोळापर्यंत जाऊन आला. तिसऱ्या खेपेला म्हशीनं पाण्याला तोंडसुद्धा लावलं नाही.

"तुमाला बघायला येतायत का काय?" वनिता म्हणाली.

"तू गप गं."

बारा वाजले, एक वाजला. मोटारसायकल वाजली की सदू उठायचा. एकदा गावातला कमलेश गेला, एकदा गॅसवाला. दोनच्या सुमाराला भुंग्या आला, जीभ लोंबवत, एकटाच. सदूनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून हुंगलं. रक्ताचा वास नाही, पिसाचा नाही. तो आत गेला, मोबाईल आणला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी पुढंही बघितला.

जाळीतनं कोंबडा भर्रकन वर निघाला, उन्हात एकदा चमकला आणि दरीपलीकडं गेलासुद्धा. मागनं भुंग्या बाहेर आला. रिकाम्या तोंडानं.

"सुटला," सदू म्हणाला.

"मग कसला वाटा नि काय," वनिता बोलून गेली, आणि लगेच तिला वाटलं, नसतं बोललं तर बरं झालं असतं.

व्हिडिओ अजून चालूच होता. खाली गावातल्यांनी अंगठे दिले होते. 'काढून टाक, फॉरेस्टवाले बघतील,' असं कमलेशनं लिहिलं होतं. कोंबडा उडाल्यावर पुढं कोण बघत बसतंय? खुद्द जगदीशनंही बघितलं नसावं. मोबाईल बंद करायचा विसरून तो तसाच दगडावर टेकला होता. सोबतचे पुढं गेले होते. समोर फक्त भुंग्या, आणि त्याच्या कानातली कुसळं एकेक करून काढणारे जगदीशचे दोन हात. नखं अजून कुरतडलेलीच होती.

"लई पळालास रं," जगदीशचा आवाज आला. त्यानं फडक्यातली भाकरी मोडली, अर्धी कुत्र्यापुढं धरली. "शिकार नाय तर नाय. घे, खा."

भुंग्या खाऊ लागला. मग जगदीश खालच्या आवाजात म्हणाला, "दादा माझं नाव घेतो का रं कदी घरात? शिवी द्यायला तरी?"

भुंग्यानं वर बघितलं, शेपूट हलवली आणि पुन्हा भाकरीत तोंड घातलं. तिथं व्हिडिओ संपला.

वनिता पदरानं डोळे पुसत होती. "फोन लावा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता लावा."

सदूनं भावाचा नंबर उघडला. फोन लावायचा धीर होईना. त्यानं व्हॉईस मेसेजचं बटण दाबून धरलं आणि मोबाईल तोंडाजवळ नेला.

"जगदीश," तो म्हणाला.

आणि बोट उचललं. मेसेज गेला.

"एवढंच?" वनिता ओरडलीच. "अवो, पुढं काय तरी बोला की!"

"त्यानं तेवढंच इचारलंय," सदू म्हणाला.