सान फेलिपेच्या दुपारची खोप

सान फेलिपेच्या सणादिवशी आलेल्या चक्रीवादळाचा वारा थांबला. डोक्यावर चक्क निळं आभाळ दिसलं आणि कुठेतरी कोंबडा आरवला, तेव्हा प्रोविदेन्सियाने सासूला पाठुंगळी घेतलं. "चला लवकर," ती मागच्या मजुरांना म्हणाली. "हा वादळाचा नुसता डोळा आहे, अर्धंच झालंय."

मजुरांच्या एकाही घरावर छप्पर उरलं नव्हतं. कॉफीच्या मळ्यात धड उभी होती ती मालकाची वादळखोप. अर्धी जमिनीत पुरलेली, छप्पर थेट मातीला टेकलेलं. असली खोप माणसांसाठी बांधतात, हे उतुआदोच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दारात मुकादम डोन एराक्लिओ आडवा उभा होता आणि आत छपरापर्यंत पोती रचलेली.

"जागा नाही," तो म्हणाला. "गेल्या हंगामाची कॉफी आहे. भाव चढेपर्यंत कोरडी ठेवायचीय, मालकांचा हुकूम आहे. आणि वारा पडलाय की आता. जा घरी."

"कुठल्या घरी?"

प्रोविदेन्सियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सासूला चिखलात टेकवलं, मुकादमाला खांद्याने बाजूला सारलं आणि पहिलं पोतं बाहेर ओढलं. मग बाकीचेही तुटून पडले.

"चोर आहात सगळे!"

"आम्ही चोर?" चिखलातून सासू म्हणाली. "मेल्या, दाणा न् दाणा आमच्या हातांनी तोडलाय."

नैर्ऋत्येकडचा डोंगर काळा पडला. सकाळचा वारा खोपीच्या पाठीवर आला होता; आता तो उलटा फिरून सरळ दारावर येणार होता. पोती बाहेर पडली तशी सासूसकट सगळी माणसं आत शिरून एकमेकांच्या मांडीवर बसली. मुकादम मात्र बाहेरच, अंगातला कोट काढून पोत्यांवर पसरत होता. प्रोविदेन्सियाला वाटलं, मरू दे त्याला तिथेच. तरी तिने त्याची बखोट धरली, आत खेचलं आणि दार लावून त्याला दारालाच टेकवून बसवलं.

पहिल्या झोताने दार आत दबलं. मुकादम अर्धा हात पुढे फेकला गेला.

"दोन पोती तरी आत घ्या," तो कळवळला. "दाराला लावू."

"पोत्यांना जागा नाही," अंधारातून सासू म्हणाली. "तू पाठ लाव."

बाहेर एक पोतं फुटलं. कॉफीचे दाणे मुकादमाच्या पाठीमागच्या दाराच्या फळ्यांवर ताडताड आपटत राहिले.