कानातलं नाव

बायजाबाईची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरीची तरी मरणाला ओळख पटू नये म्हणून सगळे तिला धोंडी म्हणत. खरं नाव आत्याने बारशाला कानात सांगितलं, ते पुन्हा कुणी उच्चारलं नाही. आत्याही वारली.

१९९९ साली धोंडीने रोह्याच्या कॉम्प्युटर क्लासात मुलांच्या एका वेबसाइटवर फॉर्म भरला. नाव धोंडी, गाव निडी, वय दहा.

कळताच बायजाबाई धावत आली. "सर, पोरीचं नाव पुसा. गाव, वय, काय पन ठेवू नका. त्याला माग लागंल."

सरांनी पुसलं. रिकाम्या रकान्यात आपोआप एकेक अक्षर उमटू लागलं.

"हे कुणाचं?" म्हणत सर वाचू लागले. पहिलं अक्षर ऐकताच बायजाबाईने त्यांच्या तोंडावर हात दाबला.

धोंडी हाक ऐकल्यासारखी पडद्याकडे बघत होती.

"व्हय," ती म्हणाली, "आले."