योगिनीचा महिषासुर

महिषासुराने देवीला पुन्हा शिंगांवर घेतलं आणि रंगनाथरावांनी कंट्रोलर सोफ्यावर टाकला.

योगिनीने सासऱ्यांनी टाकलेला तो कंट्रोलर उचलून घेतला. नाशिकच्या ज्या कंपनीत ती नोकरीला लागली होती तिथे हा गेम तयार होत होता, आणि महिषासुर हे तिचं पहिलंच मोठं काम. ऑफिसात एक जुना व्हिडिओ पडून होता. डोंगराकडच्या कुठल्याशा बोहाड्यातला, गावच्या मुखवट्यांच्या उत्सवातला. मुखवटा घातलेला माणूस धुळीत राक्षसाचं सोंग नाचवत होता. त्याची चाल तिने जशीच्या तशी उचलली होती. त्या चालीवर तिचा जीव होता. पण साहेबांनी बजावलं होतं, "आयुष्यात कधी गेम न खेळलेल्या माणसालाही तो हरवता आला पाहिजे. नाहीतर नाच काढून साधा राक्षस टाकू. आज संध्याकाळपर्यंत कळव."

असा माणूस आता शोधायचा कुठे? लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तरी तिने धीर करून सासू-सासऱ्यांना टीव्हीसमोर बसवलं.

सासऱ्यांनी सुरुवात तर झोकात केली. संबळ वाजू लागताच त्यांच्या पायाने ताल धरला. पण झालं भलतंच. राक्षस वळला की नेमके तेव्हाच तेही देवीला वळवायचे. तो झेपावला की यांचीही झेप. दोघांची गिरकी एकदम, आणि देवी थेट शिंगांवर.

"राक्षस कच्चा हाय," रंगनाथराव म्हणाले. "ताल सोडून पुढं पळतो. याला नाचायला कोणी लावला?"

"हरायचं ते हरायचं, वर त्यालाच नावं ठेवायची," सासूबाई मंगलाबाई म्हणाल्या.

"मग तू खेळ."

ते फणकाऱ्याने चहा टाकायला निघाले. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांना उठायला वेळ लागायचा.

"सरळ वळा," मंगलाबाई सवयीने म्हणाल्या. "डावा खांदा पाडू नका."

"नाय पाडत मी," असं म्हणत ते स्वयंपाकघरात गेले.

मंगलाबाईंनी आधी हातपाय धुतले. देवी व्हायचं म्हणजे उष्ट्या-खरकट्या हाताने कसं चालेल? मग पदर खोचून त्या बसल्या. त्रिशूळाचं बटण कुठलं, पळायचं कुठलं, योगिनीने दाखवलं. त्यांनी कुठलंच दाबलं नाही.

महिषासुर देवीभोवती नाचत राहिला. मंगलाबाई त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. राक्षसाकडे असं कोणी बघतं का, योगिनीला हसूच आलं. पण घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ते हसू मावळलं.

"आई, मारा ना."

"थांब गं, बघू दे जरा."

गिरकी घेण्याआधी राक्षसाचा डावा खांदा किंचित पडला. मंगलाबाईंनी बटण दाबलं. त्रिशूळ बसला. तो सावरला, पुन्हा नाचू लागला, पुन्हा वळायला गेला, पुन्हा त्रिशूळ. त्यांचा एक वार फुकट गेला नाही. बघता बघता महिषासुर देवीच्या पायाशी आडवा झाला.

योगिनीने सासूला घट्ट मिठी मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मग लगेच साहेबांना कळवलं: सासूबाई जन्मात पहिल्यांदा गेम खेळल्या आणि पहिल्याच डावात जिंकल्या. साहेबांचं उत्तर आलं, "वा! मग नाच राहू दे."

"पण आई, कधी मारायचं ते तुम्हाला कळलं कसं?"

मंगलाबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून कपबशा मांडल्याचा आवाज येत होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"त्यांना सांगू नको हां, लय मनाला लावून घेतील. गुडघा जाईपर्यंत आमच्या गावच्या बोहाड्यात म्हैसासुर तेच व्हायचे. मुखवट्याच्या आतून माणसाला स्वतःचा खांदा कुठं दिसतो?"