दूत नसलेलं नाटक

"थांब, पूर्वा," नंदा म्हणाली. "थोरला कुठे गेला?"

पुण्यात धायरीतल्या नम्रताच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी ही चार घरं. दर शनिवारी सकाळी एकत्र जमायचं आणि एखादं जुनं नाटक नाहीतर जुनी कविता मोठ्यानं वाचायची, हा त्यांचा रिवाज. सध्या एक संगीत नाटक हातात होतं. ज्याला जी भूमिका मिळाली, ती शेवटच्या अंकापर्यंत त्याचीच. राणी नम्रताच्या पूर्वाकडे. राजा सुदर्शनकडे; तो यातल्याच एका घरातला बाप, त्याचा आवाज भारदस्त, पण पदं अशी म्हणायचा की खालच्या मजल्यावरून विचारणा यावी. आणि दूत नंदाच्या प्रज्ञेशकडे.

प्रज्ञेश जाऊन चार महिने झाले होते. सायकलवरून पडल्याचं निमित्त, आणि चौदा वर्षांचं पोर गेलं. तेव्हापासून नाटक तिसऱ्या अंकावरच अडकलं होतं. त्यानंतर नंदा आज पहिल्यांदाच आली होती.

म्हणून तर नम्रतानं आठवडाभर खपून नाटकाला कात्री लावली होती. चौथ्या अंकात दूत येतो आणि थोरला राजपुत्र रणात पडल्याचं राणीला सांगतो. नम्रतानं तो दूतच काढून टाकला. नव्या झेरॉक्स काढल्या, बाकीच्यांना फोन करून बजावलं की दूताचं नावही काढायचं नाही. कुणी हूं की चूं केलं नाही. भल्या माणसांच्या चुका अशाच असतात हो, सर्वानुमते होतात.

पण नाटकच ते! तिसऱ्या अंकाच्या शेवटी राणी सज्जात उभी राहून थोरल्याची वाट बघत होती, आणि पान उलटतंय तोवर हसत हसत धाकट्याच्या कपाळी राज्याभिषेकाचा टिळा लावत होती.

"थोरला ना? येतो मागाहून," सुदर्शन पुटपुटला. एरवी शब्दागणिक टोमणा मारणारा माणूस, पण आज नुसता झेरॉक्सची घडी घालत बसला.

"मागाहून कसा येईल? मी प्रज्ञेशकडून दूताची भाषणं महिनाभर घोटून घेतली आहेत." नंदाचा आवाज जराही चढला नव्हता. "दूत कुठाय?"

"मीच काढला गं," नम्रता म्हणाली. "म्हटलं, तुला उगाच त्रास नको."

"मग राणीला कोण सांगणार?"

नम्रता चहाचं निमित्त करून उठायला लागली. नंदानं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"मी नागपूरला होते. तू फोन केलास. म्हणालीस, सायकलवरून पडलाय, थोडं लागलंय त्याला, निघून ये. रात्रभर गाडीत मी ठरवत होते, हेल्मेट घातलं नाही म्हणून त्याला काय काय बोलायचं. बुद्धभूषण, माझा स्वतःचा नवरा, स्टेशनवर न्यायला आला आणि वाटभर ट्रॅफिकबद्दल बोलला. घरी पोचले, तर दारापुढे चपलांचा ढीग. मला चपलांनी सांगितलं, नम्रता. एवढी माणसं होती घरात, आणि सांगितलं ते चपलांनी."

नम्रतानं तर सगळं रीतीप्रमाणेच केलं होतं. एकटी बाई, एवढा लांबचा प्रवास; अशा वेळी फोनवर कुणी खरं सांगतं का? तिच्या आईनंही हेच केलं असतं. चार महिने ती स्वतःची अशीच समजूत घालत होती. या चार महिन्यांत तिनं नंदाकडे डबे पाठवले, पण स्वतः एकदाही तिच्यासमोर जाऊन बसली नव्हती. धीरच झाला नव्हता तिला.

"पूर्वा, बाळा, राणी मला दे," म्हणत नंदा उभी राहिली. "आणि नम्रता, दूत तू हो."

"मला नाही गं जमणार."

"त्याला जमत होतं. चौदा वर्षांचा होता."

नम्रता उठली. भाषणाचा कागद तिच्या हातात नव्हता, आणि लागणारही नव्हता. गाळायचं म्हणून इतक्यांदा वाचलं होतं की सगळं तोंडपाठ झालं होतं.

"दूता, मान खाली का?" नंदानं राणीचं वाक्य म्हटलं. "बोल."

"महाराणी," नम्रतानं सुरुवात केली, "घोडा परत आला. स्वार..."

नंदा वाट बघत होती. ते बघणं राणीचं नव्हतं, नंदाचंच होतं. नम्रतानं पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले.

"नंदा, प्रज्ञेश गेला गं."

"कधी?"

"मी तुला फोन केला ना, त्याच्या आधीच."

नंदा मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. कुणी पाणी आणायला धावलं नाही. रडू नकोस, असंही कुणी म्हणालं नाही.