सांडूरी

टँकर भरायच्या पॉइंटवर सकाळपासून हशा चालला होता. टँकरवरच्या ड्रायव्हरचं नाव दाखवणाऱ्या बोर्डावर लाल दिव्यांत 'सांडू'ऐवजी 'सांडूरी' झळकत होतं, आणि ड्रायव्हर मंडळींनी बिचाऱ्या सांडूचं नवं बारसंच उरकून टाकलं होतं.

बोर्डाचा प्रोग्रॅम चारुतानं लिहिलेला, तेव्हा निस्तरायलाही तीच आली. पडेगावात फ्लॅट उभे राहिले, नळ मात्र कोरडेच. त्या दुष्काळात टँकरला उसंत नव्हती. तिनं लॅपटॉप उघडला, तोच चहाच्या टपरीवरच्या आशाबाई कप घेऊन आल्या आणि तिथंच थांबल्या.

"ती 'री' आमच्या ह्यांच्या नावातली हाय ना, ताई?"

होती खरी. सांडूचा टँकर आधी त्यांचा नवरा कारभारी चालवायचा. पुण्याला गाडीवर जातो म्हणून गेला तो गेलाच, फोनही बंद.

"वाटलं, नाव लागायलंय म्हणजी परत येत असतील. सकाळधरनं रस्त्याकडंच बघायलेय."

चारुतानं चहा संपवून कप खाली ठेवला. "नाही हो, मावशी. हा प्रोग्रॅम ज्या सी भाषेत लिहिलाय, तिच्यात नाव संपलं की शेवटी शून्य ठेवावं लागतं, म्हणजे यंत्र तिथं वाचायचं थांबतं. ते माझ्याकडून राहिलं. सांडूचं नाव छोटं, म्हणून कारभारींच्या नावाचं शेवटचं उरलेलंही यंत्रानं वाचलं."

"म्हणजी आतून पुसलेलं नाय?"

"पुसत नाही ते. जुन्यावरच नवं नाव बसतं."

तिनं शून्य टाकलं. बोर्डावर नुसतं 'सांडू' राहिलं आणि ड्रायव्हर हिरमुसले. शून्यालाही जागा लागते. त्यानं 'री'मधला र गिळला होता आणि आत कारभारीच्या नावातली फक्त वेलांटी उरली होती. एवढं मात्र चारुतानं सांगितलं नाही. आशाबाई अजून बोर्डाकडंच बघत होत्या. नवऱ्याची आस त्यांच्या तोंडावर इतकी उघडी होती की चारुतानं मान खाली घातली.

"उद्यापासनं ह्या टँकरवर रामकिसन येणार," आशाबाई म्हणाल्या. "त्याचं नाव लांब हाय का?"

चारुतानं ड्रायव्हरांत बसलेल्या मिशाळ, साठीच्या रामकिसनकडं पाहिलं. टँकरचे मालकसुद्धा त्याला दादा म्हणत. "कारभारींएवढंच आहे."

"मग सगळंच झाकून जाईल."

"हो."

आशाबाईंनी रिकामा कप उचलला.

"त्याला सगळे रामूच म्हणतेत, ताई. तुम्ही बोर्डावर बी तेवढंच घाला."