झुलालच्या शेजारी

मानसोपचार शिकणाऱ्या डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात धुळ्याच्या प्राध्यापकबाईंनी यंदा नवा धडा घातला: बऱ्या झालेल्या रुग्णासोबत त्याच्या गावी मुक्काम. त्यानुसार पुण्याचा शिकाऊ डॉक्टर झुलालसोबत अमळनेरकडच्या खेड्यात आला. हरिनाम सप्ताह सुरू होता. आजारापूर्वी झुलाल कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरायचा. आज तो रांगेत उभा राहताच शेजारचे टाळकरी हळूच सरकले. रिकाम्या जागेत डॉक्टर टाळ घेऊन शिरला. त्याचा ठेका पहिल्याच अभंगाला घसरला. "मन्हा पायसकडे देखा," झुलाल पुटपुटला. डॉक्टर पाय बघू लागला, तर हातच थांबला. बुवांनाही हसू आवरेना. मग झुलालने दर ठोक्याला "आते, आते", म्हणजे 'आता, आता', म्हणत त्याच्याकडून अभंग वाजवून घेतला. कीर्तन संपलं, रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले. सरकलेल्यांतले चिंधाआबा झुलालपुढेही वाकले. उठताना म्हणाले, "सकाये काकडआरतीले ये, भो. पन डॉक्टरले नको आनू."