कोहळ्यावरचा कापूर

आयुधपूजेच्या सकाळी आमचं चेन्नईचं डेटा सेंटर कोइंबतूरच्या सेंटरला जोडून झालं. आता इथल्या प्रत्येक सर्व्हरची हुबेहूब प्रत तिथे चालणार होती; इथे काही बिघडलं तरी इस्पितळांची कामं अडणार नव्हती. खुशीत कनगवेलसाहेब माझं न ऐकता दृष्ट काढायला कोहळ्यावर कापूर पेटवून सर्व्हरच्या खोलीतच ओवाळू लागले. भोंगा कोकलला. आग समजून यंत्रणेने सगळे सर्व्हर बंद केले, आग विझवणारा गॅस सोडला. आम्ही बाहेर पळालो. “रडतोस काय? कोइंबतूर आहे ना!” साहेब कोहळा सावरत म्हणाले. मी तिथल्या पूंगोडीला स्पीकरवर फोन लावला. “तुमच्याकडे सुरू झालं ना सगळं?” फोनमध्येही भोंगा कोकलत होता. “सर, कॅमेऱ्यात तुमचं बघून आम्हीही कापूर पेटवला, तो भोवला! साहेबांचीच ताकीद होती, चेन्नईत जे होईल ते त्याच क्षणी इथं झालं पाहिजे!” साहेबांच्या हातून कोहळा सुटला. फुटला, तरी कापूर जळत होता.